आडवा ठेवायचा की उभा? थ्रीडी प्रिंटिंग शिकताना

मी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे आणि या सेमला आम्हाला लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर वापरायला मिळतोय. बघणाऱ्याला वाटतं कॉम्प्युटरवर आकार काढला, बटण दाबलं, झाली वस्तू तयार. पण मला विचाराल तर खरं शिकणं सुरू होतं ते पार्ट बेडवर, म्हणजे मशीनच्या सपाट तळावर, आडवा ठेवायचा की उभा इथपासून.

कारण मशीन थरावर थर घालत जातं. १.७५ मिमीची फिलामेंट, म्हणजे रिळावरची प्लास्टिकची तार, २०० डिग्रीच्या आसपास वितळते, ०.४ मिमी भोकाच्या तोटीतून म्हणजे नोझलमधून बाहेर येते आणि साधारण ०.२ मिमीचा एकेक थर बसतो. थराच्या आत प्लास्टिक सलग असतं, दोन थरांमधली पकड मात्र कमी. सरांनी हे नुसतं सांगितलं नाही, एकच हुक दोनदा छापायला लावला, एकदा आडवा एकदा उभा, फाइल तीच, पीएलए प्लास्टिक तेच, इनफिल म्हणजे आतला भराव पण तेवढाच. मग दोन्हींना बादली अडकवून हळूहळू पाणी ओतत गेलो. उभा छापलेला थराच्या रेषेवरच कटकन तुटला, आणि आडव्याला बादली काठोकाठ भरली तरी काही नाही!! त्या दिवसापासून मी फ्रीकॅड हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की आधी जोर कुठून येणार ते बघतो, मग स्केच.

डिझाइनच्या सवयीच बदलल्यात. ४५ डिग्रीपेक्षा जास्त बाहेर झुकणारा भाग हवेत छापता येत नाही, खालून आधाराला जास्तीचं प्लास्टिक म्हणजे सपोर्ट लागतो, तो काढताना पृष्ठभाग खराब होतो, म्हणून खालच्या कडेला गोलाईऐवजी चॅम्फर म्हणजे तिरका काप देतो. भोकं मापापेक्षा थोडी लहान येतात, त्यामुळे ०.२-०.३ मिमी मोकळीक आधीच धरायची.

आणि कोकणातला पाऊस! फिलामेंट ओल धरते, मग नोझलमधून चटचट आवाज येतो आणि प्रिंटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. म्हणून रीळ हवाबंद डब्यात, ओल शोषणारं सिलिका जेल घालूनच ठेवायचं.

एक गोष्ट मला फार भारी वाटते. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप सुरू केलं, स्वतःचेच बरेचसे पार्ट छापू शकणारं मशीन, आणि डिझाइन सगळ्यांना खुलं. २००९ मध्ये या पद्धतीचं मूळ पेटंटही संपलं. स्वस्त प्रिंटर आले ते त्यानंतर, नाहीतर आमच्यासारख्यांच्या हाताला हे मशीन कधी लागलं असतं काय माहीत.

सध्या आजीच्या टेबल फॅनचा नॉब करतोय, जुना चिरलाय आणि तसला बाजारात मिळत नाही. आतला दांडा डी आकाराचा आहे, व्हर्नियरने माप घेतलंय. फिरवताना भोकाच्या भिंतीवर ताण येणार म्हणून भोक वर करून, तोंडावर पालथा छापणार, म्हणजे ताण थरांच्या आतच राहील आणि सपोर्टही नको. पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकचं रीळ मिळालं की लगेच लावतो.