निकॉनची काच, सोनीची बॉडी: अडॅप्टरच्या कामाची नोंद

पिशवीत निकॉन एफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडणारी कडी) पाच लेन्स, समोर सोनीची फुलफ्रेम ई माउंट बॉडी आणि मधे विजेचे संपर्क नसलेला साधा अडॅप्टर. काम कुठवर आलंय ते आधी सांगतो: इन्फिनिटी (अगदी दूरचं स्पष्ट दिसण्याची फोकसची खूण) जागेवर आली, अडॅप्टरच्या आतली चकाकी बरीचशी गेली, २४ मिमी लेन्सच्या फोटोचा एक कोपरा अजून छळतोय.

निकॉनच्या लेन्स आहेत तर निकॉनचीच नवी झेड बॉडी का नाही, हा प्रश्न येणारच. एफटीझेडवर (एफ लेन्स झेड बॉडीला जोडणारा निकॉनचा अडॅप्टर) एएफ-एस, म्हणजे आत मोटर असलेल्या, लेन्सचा ऑटोफोकस छान चालतो, त्यात वाद नाही. पण एफटीझेडमध्ये स्क्रू फिरवणारी मोटर नाही, त्यामुळे बॉडीच्या मोटरवर फोकस होणाऱ्या एएफ-डी लेन्स तिथेही हातानेच फोकस कराव्या लागतात. या पिशवीतल्या पाचपैकी तीन तशाच: २४ मिमी एफ/२.८ डी, ५० मिमी एफ/१.८ डी आणि १०५ मिमी मायक्रो एफ/२.८ डी. म्हणजे घरच्याच कंपनीत राहण्याचा फायदा दोन लेन्सपुरता. उलट सोनीने ई माउंटची माहिती २०११ मध्येच बाहेरच्या लेन्सवाल्यांना खुली केली, त्यामुळे पुढे सिग्मा-टॅमरॉनमधून निवडायला भरपूर आहे. कॅननच्या आरएफ माउंटवर सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स यायला २०२४ चा एप्रिल उजाडला, आणि घोषणा झाली तीही एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरच्या, लेन्सचीच. अर्थात सोनीचा खुलेपणाही हातचं राखूनच आहे. ए९ किंवा ए१ या वेगवान बॉड्यांवर बाहेरची लेन्स लावली की सेकंदाला १५ फ्रेमच्या वर गाडी जात नाही.

लोक ब्रँडला चिकटून राहतात असं म्हणतात; खरं तर ते माउंटला चिकटलेले असतात. कॅननने १९८७ मध्ये एफडी माउंट मोडून ईएफ आणला, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी बोटं मोडली. निकॉनने १९५९ चा एफ तसाच ओढला, पण त्या भिडेपायी ४४ मिमीच्या अरुंद गळ्यात अडकून पडला. २०१८ मध्ये दोघांनीही काही आठवड्यांच्या अंतराने नवा माउंट काढला आणि सगळ्यांच्या पिशव्या एकदम मोकळ्या झाल्या. लेन्स अडॅप्टरवरच लावायची, तर मागची बॉडी कोणाची का असेना! त्यात बाजार आटलेला. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून निघाले, २०२० मध्ये ९० लाखांच्याही आत. वानखेडेवर पूर्वी पांढऱ्या नळीची लेन्स दिसली की कॅनन म्हणायचं. आता सोनीच्याही मोठ्या टेली पांढऱ्याच, त्यामुळे लांबून तेही ओळखता येत नाही. आणि निकॉनच्या बऱ्याच बॉड्यांमधला सेन्सर सोनीच्याच कारखान्यातला असतो, हे निष्ठावंतांना सांगून बघा.

आता कामाचं. एफ माउंटचं फ्लँज अंतर (माउंटच्या कडीपासून सेन्सरपर्यंतचं) ४६.५ मिमी, ई माउंटचं १८ मिमी, म्हणून अडॅप्टरची जाडी नेमकी २८.५० मिमी हवी. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम पातळ करतात. जाड झाला तर इन्फिनिटी मिळतच नाही आणि माल परत येतो. पातळ झाला तर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. हा अडॅप्टर चार जागी मोजला: २८.३८, २८.४०, २८.३८, २८.३९. म्हणजे जास्तीत जास्त ०.१२ मिमी कमी.

मोजायला डिजिटल व्हर्नियर पुरत नाही, त्याचीच चूक ०.०२ मिमीची असते. २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर लागतो. शून्य ते पंचवीसवाला इथे उघडणारच नाही. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत मिळतो. माप दोन सपाट कड्यांमधलं घ्यायचं. सोनीच्या बाजूला बायोनेटच्या जिभा पुढे आलेल्या असतात, त्यांवर टोक टेकलं की आकडा भलताच येतो.

०.१२ मिमीने काय बिघडतं? फोकल लेंग्थचा वर्ग भागिले कमी पडलेली जाडी, एवढा हिशोब करा. ५० मिमीसाठी २५०० भागिले ०.१२, म्हणजे सुमारे २१ मीटर. लेन्सच्या पट्टीवर २१ मीटरची खूण आली की खरी इन्फिनिटी तिथेच, त्यापुढे ती ओलांडून जाते. १०५ मिमीला हीच खूण ९२ मीटरवर, फारसा फरक नाही. २४ मिमीला मात्र ४.८ मीटरवर! पट्टीवरचं अंतर बघून अंदाजाने फोकस (झोन फोकस) करणाऱ्याची पंचाईत इथेच होते. शिवाय २४ मिमीच्या आत जवळच्या फोकससाठी सरकणारा भिंगांचा गट आहे. तो पाच मीटरच्या हिशोबाने बसलेला असताना आपण क्षितिज टिपतो, त्यामुळे कोपरे मऊ (अस्पष्ट) पडतात.

उपाय म्हणजे शिम, जाडी भरून काढणारी पातळ कडी. आधी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल वापरली. दहा थर एकत्र मोजले तर ०.११ मिमी; जाड होऊ नये म्हणून नऊच थर. स्क्रू आवळले की थर दबतात आणि सुरकुती पडली तर एक बाजू उचलली जाते, त्यामुळे तो नाद सोडला. थंड पेयाच्या डब्याच्या बाजूचा पत्रा ०.१० मिमी भरला. त्याची अखंड कडी कापून निकॉनच्या बाजूच्या धातूच्या चकतीखाली बसवली. अखंडच हवी, चार स्क्रूंपाशी चार तुकडे ठेवले तर चकती मधे वाकते. कापलेली कड पॉलिश पेपरवर घासून घ्या, नाहीतर तिथली धार उंचवटा होऊन बसते. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, दोन फेऱ्यांत आवळायचे. आताचं माप २८.४८ ते २८.४९. २४ मिमीची खरी इन्फिनिटी आता पट्टीवरच्या आठाच्या आडव्या खुणेला खेटून येते.

तपासणी नरिमन पॉइंटवरून, अंधार पडल्यावर, बॅक बेपलीकडच्या वाळकेश्वरच्या दिव्यांवर. दुपारी करू नका. पाण्यावरच्या उष्ण हवेत सगळंच थरथरतं आणि दोष लेन्सवर जातो. लेन्स पूर्ण उघडी, व्ह्यूफाइंडर पूर्ण मोठा केलेला, दिव्याचा ठिपका सर्वांत बारीक होईपर्यंत फिरवायचं. पिकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका, ते उदार असतं.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. निकॉनची लेन्स बसवताना समोरून बघता घड्याळाच्या उलट फिरते, सोनीची सुलट. अडॅप्टर आधी बॉडीवर लावून मग लेन्स बसवली, तर तोच जोर अडॅप्टर सोडवायच्या दिशेने लागतो आणि सगळा भार छोट्याशा लॉक पिनवर येतो. म्हणून लेन्स आधी अडॅप्टरवर, मग दोन्ही मिळून बॉडीवर.

अडॅप्टरला विजेचे संपर्क नाहीत, म्हणून बॉडीत लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याची सेटिंग सुरू करा. स्टेडीशॉट (हात हलला तर सेन्सर हलवून सावरणारी सोय) मॅन्युअलवर टाकून फोकल लेंग्थ दर वेळी भरा. १०५ चा आकडा राहिला आणि २४ लावली तर सेन्सर गरजेपेक्षा चौपट हलतो, आणि स्थिर हातानेही फोटो हललेला येतो.

आतला काळा रंग चकाकत होता, समोरून दिवा आला की फोटोच्या मधोमध धुरकट डाग पडायचा. त्यावर फ्लॉक (लव असलेल्या) कागदाची १४ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद पट्टी लावली. मुंबईच्या पावसाळ्यात तिचा गोंद सुटतो, आणि सुटलेली लव थेट सेन्सरवर जाऊन बसते. जूनच्या आधी कडा नखाने दाबून बघा. उचलली गेली तर पट्टी बदला, परत चिकटवू नका.

राहिलेल्या दोन लेन्स. ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्सला ॲपर्चरची कडी नाही, अडॅप्टरवरच्या कडीने चालतं पण आकडे नाहीत. अंदाजाने फिरवायचं आणि शटरवरून स्टॉप (उजेडाच्या पायऱ्या) मोजायचे. ती छोट्या सेन्सरची लेन्स, म्हणून एपीएस-सी क्रॉपही (सेन्सरचा मधलाच भाग वापरणं) हाताने चालू करावा लागतो, बॉडीला लेन्स ओळखू येत नाही. एएफ-पी ७०-३०० चा नाद सोडला. तिची फोकस रिंगही विजेवरच चालते, साध्या अडॅप्टरवर ती नुसतीच फिरते.

२४ मिमीचा उजवा खालचा कोपरा एफ/५.६ लाही मऊ आहे. अडॅप्टर १८० अंशांत उलटा बसत नाही, म्हणून शिमची कडीच अर्धी फिरवून पाहिली. कोपरा जागचा हलला नाही. म्हणजे तिरकेपणा शिमचा नाही, एकतर अडॅप्टरचा किंवा लेन्सच्या आतला. आता तीच लेन्स अडॅप्टरशिवाय निकॉनच्या डीएसएलआरवर चढवून त्याच दिव्यांवर बघायची. तिथेही तोच कोपरा गेला तर लेन्स उघडावी लागणार, आणि ते पाऊस सरल्यावरच.