तुम्ही विचारलंत म्हणून : बीएएमएस असून इंग्रजी औषधं का देता?

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेली डॉक्टर. हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत येतो, केमिस्टच्या काउंटरवर येतो, आणि एमबीबीएस झालेल्या ओळखीच्यांकडून तर हमखास येतो. आयुर्वेदावर एवढा विश्वास, मग चिठ्ठीवर ॲमॉक्सिसिलिन कसं? पूर्वी मी कायद्याचं उत्तर द्यायचे. महाराष्ट्र सरकारने १९९२च्या अधिसूचनेने आम्हाला इंग्रजी औषधं देण्याची मुभा दिली, आणि राज्याने अशी मुभा दिली असेल तर ती वैध, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मुख्तियार चंद खटल्यात म्हटलं. उत्तर खोटं नाही. पण त्यातून मुभा कुठून आली एवढंच कळतं. गरज कुठून आली, ते कळत नाही.

गरज बघायची तर मेळघाटातलं किंवा गडचिरोलीतलं एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र बघा. एमबीबीएस टिकत नाहीत, म्हणून तिथे गट-ब वैद्यकीय अधिकारी म्हणून बीएएमएस नेमतात. रात्री साप चावलेला पेशंट येतो. स्वच्छ, कोरडी काचेची टेस्टट्यूब घ्यायची, तीत शिरेतलं दोन मिली रक्त घालायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं, तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. घोणस किंवा फुरसं असणार. ट्यूब प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निरोगी रक्तही नीट गोठत नाही आणि निदान फसतं. त्यानंतर एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या, दहा वायल सलाइनमधून, साधारण तासाभरात. शेजारी ॲड्रेनालिनची सिरिंज भरलेली हवी, कारण रिॲक्शन आली तर अर्धा मिली लगेच मांडीत द्यावं लागतं. पापण्या मिटायला लागल्या, तर नाग किंवा मण्यार. मग ॲट्रोपिनसोबत निओस्टिग्मिन. अगदतंत्र, म्हणजे आयुर्वेदातलं विषशास्त्र, आम्ही शिकतो, पण या पेशंटपुरतं त्यातलं काहीही एएसव्हीच्या जागी चालत नाही. हे मान्य करताना मला जड जात नाही.

जड गेला तो २६ एप्रिल २०२३चा निकाल. गुजरातमधल्या सरकारी आयुर्वेद अधिकाऱ्यांना एमबीबीएस अधिकाऱ्यांइतकं वेतन द्यावं, असं तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कारण काय दिलं? एमबीबीएस डॉक्टर इमर्जन्सी ड्युटी आणि ट्रॉमा केअर करतात. आयुर्वेदाचे डॉक्टर त्यांच्या शास्त्राच्या स्वरूपामुळेच ते करू शकत नाहीत. अवघड शस्त्रक्रियेत ते सर्जनच्या मदतीला उभे राहू शकत नाहीत, पोस्टमार्टेम करत नाहीत.

आता महाराष्ट्रात बघा. २०१४पासून १०८ची सेवा धावते, ९३७ गाड्यांनी सुरू झालेली. अपघाताच्या जागी गाडीतून उतरणारा डॉक्टर बहुतेक वेळा बीएएमएस असतो. मानेला कॉलर तोच लावतो, सलाइनची लाइन तोच घेतो, ऑक्सिजन तोच सुरू करतो. हायवेवर आम्ही इमर्जन्सीचे डॉक्टर, आणि पगाराचा कागद आला की आमच्या शास्त्रात इमर्जन्सीच नाही. याच सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली निवृत्तीच्या वयात आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टरांशी भेदभाव नको म्हटलं होतं, कारण रुग्णांवर उपचार दोघेही करतात. हे दोन निकाल एकत्र वाचले की अजून राग येतो.

तरीही त्या निकालाला पुरतं खोडून काढणं मला जमत नाही. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप दोन्हीकडे सारखीच, पण एमबीबीएसला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, हा स्वतंत्र, भरभक्कम विषय आहे. आमच्याकडे ती द्रव्यगुण या आयुर्वेदिक औषधी द्रव्यांच्या विषयाच्या कडेने येते. अँटिबायोटिकचे डोस आमच्यातले कित्येक जण नोकरीत शिकतात. ‘काम तेच, पगारही तोच हवा’ असं मी म्हणते, तेव्हा त्या कामाचं शिक्षण कुणी दिलं, हा प्रश्न माझ्याच अंगावर येतो.

आणि ज्याचं शिक्षण दिलं, त्याला व्यवस्थेत जागा कुठे आहे? भगंदरावरचं क्षारसूत्र घ्या. भगंदरात गुदद्वाराजवळ पू वाहणारा मार्ग तयार होतो; त्यातून ओवायचा औषधी लेपांचा धागा म्हणजे क्षारसूत्र. बनारस हिंदू विद्यापीठात साठच्या दशकात ते पुन्हा वापरात आलं. वीस नंबरचा लिननचा धागा चौकटीवर ताणतात. त्यावर थोराच्या ताज्या चिकाचे अकरा लेप, मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे सात, शेवटी चीक आणि हळदीचे तीन. एक लेप पुरता वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. पावसाळ्यात क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो आणि लेप सुटतात, म्हणून कोरडं कपाट आणि सीलबंद नळी लागते. धागा दर आठवड्याला बदलतात: नवा जुन्याला बांधायचा आणि ओढून घ्यायचा. जुन्याची लांबी मोजली की मार्ग किती कापला गेला ते कळतं, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर. घट्ट बांधला तर पेशंट कळवळतो. मार्गाचा एखादा फाटा नजरेतून सुटला तर पुन्हा पू येतो. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २६५ रुग्णांवर शस्त्रक्रियेशी त्याची तुलना केली. १९९१ साली छापलेले आकडे असे: दुखणं उलटण्याचं प्रमाण सूत्राने ४ टक्के, शस्त्रक्रियेने ११, मात्र जखम भरायला चारऐवजी आठ आठवडे. तोट्याचा आकडाही त्याच पानावर आहे, म्हणून मला हा अभ्यास भावतो.

गुळवेलीच्या वेळी आम्ही असं वागलो नाही. कोविडकाळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाने ती दुसऱ्याच जातीची वेल असेल, म्हणून निष्कर्ष नाकारला. असेलही. पण मग बाजारात गुळवेल म्हणून काय विकलं जातं, ते तपासणं आमचंच काम होतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी नुसता निषेध केला.

माझं म्हणणं असं, की प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात क्षारसूत्राची ओपीडी हवी आणि तिच्या नोंदी कुणालाही बघता याव्यात. ज्या बीएएमएसला केंद्रात इंग्रजी औषधं द्यायला लावता, त्याला आधी फार्माकॉलॉजीचं पूर्ण वर्ष द्या, परीक्षा घ्या आणि पास झाला की पगारही द्या. माझे सहकारी म्हणतात, अशी परीक्षा आली तर आज गावात दवाखाना चालवणारे अर्धे लोक घरी बसतील आणि त्यांच्या जागी कुणीच जाणार नाही. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही, पण मागणी मी सोडलेली नाही.