तिसऱ्या सिलिंडरातली जाड पट्टी

गाडी आली ती ट्रॅक्टरला दोर बांधून. चार सिलिंडरची डिझेल, पांढरी, रंग अगदी चकाचक. समुद्रपूरकडच्या एका शेतकरी काकांनी कापसाच्या पैशात ती जुन्या गाड्यांच्या दलालाकडून घेतलेली. लग्नसराईपुरती चालवली, मग पावसाळाभर अंगणात उभी. सोयाबीन निघाल्यावर चावी फिरवली तर नुसता 'टक्' आवाज. गावातल्या पोरांनी गिअरमध्ये टाकून ओढून पाहिली. पुढची चाकं घासत गेली, इंजिन हललं नाही.

जाम गाडी ओढून चालू करायची ही खोड मला खपत नाही. आत पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला अडतो आणि त्याला खालून धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून अशा गाडीचा स्टार्टर मी मारतच नाही, आधी हिटर प्लग काढतो. तीन प्लग काळे निघाले, तिसऱ्या सिलिंडरचा तांबूस.

डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल निम्मं-निम्मं करून चारही भोकांतून ओतलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या पुलीला गोटी पाना लावला. जरासा पुढं, जरासा मागं, एवढंच. हाताखालचा पोरगा पाइप लावू का म्हणून मागं लागला होता. पाइप लावला की जोर कुठं जातोय ते हाताला कळत नाही. बोल्ट तरी तुटतो, नाहीतर पिस्टनवरची रिंग. दुपार टळल्यावर पाना बोटभर सरकला, मग वीतभर, आणि पुली पूर्ण फिरली. त्या क्षणी हाताला जे जाणवतं त्यासाठी मी हे काम करतो.

इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट ढिला केला तर आधी पाणी आलं, कारण ते जड, तळाशी बसतं. मागून तेल आलं, दुधाच्या चहासारखं. रेडिएटरमध्ये विहिरीचं साधं पाणी, गंजानं तपकिरी झालेलं. आपल्याकडं कूलंट म्हणजे शहरी लोकांचा खर्च समजतात. पण गंज थोपवायचं काम तेच करतं. इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड उघडलं, तर त्याखालचं गॅस्केट तिसऱ्या सिलिंडरपाशी कुजलेलं. पाणी तिथूनच उतरत होतं.

काकांनी दलालाला फोन लावला. तो म्हणाला, पाणी तुमचं, गंज तुमचा. एवढ्यापुरतं त्याचं खरं होतं. पण क्रँक फिरवून पाहिला. दोन आणि तीन नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात. दोन नंबर पुरता वर आला, तीन नंबर दीड मिलिमीटर खालीच थांबला. म्हणजे रॉड वाकलेला.

तो कधी वाकला, हे बोअरनं, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिनं सांगितलं. रिंग जिथवर पोहोचत नाही तिथं बोअरच्या तोंडाशी कार्बनची काळी पट्टी जमते. बाकी तिघांत ती एकसारखी, तिसऱ्यात मात्र पिस्टन खालीच थांबत असल्यानं चांगलीच जाड, नखानं खरवडली तरी न निघणारी. रॉड परवा चावी फिरवताना वाकला असता तर ती जमलीच नसती. वाकल्या रॉडवर ही गाडी बरीच चाललेली होती. "पहिल्या दिवसापासून थरथरे," काका म्हणाले. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. गुंडाळीच्या आतल्या टोकाला वाळलेला गाळ. म्हणजे गाडी आधी कधीतरी पाण्यात बुडालेली.

२३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरात पूर आला, तेव्हा उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यानंतर आतून गाळ निघणाऱ्या जुन्या गाड्या मी जास्त पाहतो आहे. आरसीवर चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, कर्ज असेल तर बोजा असतो. गाडी बुडाली होती हे कुठंच लिहिलेलं नसतं. घेणाऱ्यानं मिस्तरी सोबत न्यावा, सीटबेल्ट ओढून पाहावा. पण लोक रंग पाहतात आणि टायर पाहतात.

खर्च सांगितला: रॉड, रिंग, गॅस्केट, आणि नख अडेल इतके खड्डे पडलेला बोअर लेथवर नेणं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, तू फक्त चालू करून दे. मीबी तशीच इकून टाकतो. मले कोनं सांगतलं होतं?"

याला उत्तर मला अजून सापडलेलं नाही. माणूस फसलेला, वर्षाचा कापूस त्यात गेलेला. आणि पुढचा घेणाराही असाच कुणीतरी सेलू-देवळीकडचा असणार. मी म्हटलं, "काका, चालू करून देतो, पण जे निघालं ते बिलावर लिहीन." ते रागावले. "लिहू नको, तुले काय करा लागते?" लिहिल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं मी सांगितलं. रोजची ओळख असलेल्या माणसाशी असं बोलणं जड गेलं.

शेवटी रॉड बदलून घेतला. बिलावर चेसिस नंबर टाकून सगळं लिहिलं: रॉड वाकलेला, सीटबेल्टमध्ये गाळ, बोअर केला. काकांनी बिल खिशात घातलं, पैसे अर्धे दिले, गाडी नेली. पुढच्या गिऱ्हाइकाला ते बिल दाखवतील की नाही, त्यांनाच ठाऊक. कार्बन कॉपी माझ्याकडं आहे. गाडी घेण्याआधी कुणी विचारायला आलं तर दाखवीन.