कानातला श्वास

नोव्हेंबर २०२०. फ्रान्समध्ये दुसरा लॉकडाऊन लागला होता. पॅरिसची नाटकगृहं बंद, पण डबिंगचे स्टुडिओ चालू. मी तिथे साउंड इंजिनिअर. त्या दिवशी काचेपलीकडे जे गृहस्थ उभे राहणार होते, त्यांचं नाव मी लिहिणार नाही. एका अमेरिकन नटाचा फ्रेंच आवाज गेली तीस वर्षं तेच होते. माणूस मुळात रंगभूमीचा. रासिन, मोलिएर यांची जुनी फ्रेंच नाटकं करण्यात उमेदीची वर्षं गेलेली. संध्याकाळी प्रयोग असायचा म्हणून डबिंग दिवसा. १९९४ च्या शेवटी डबिंगच्या नटांनी पुनःप्रक्षेपणाच्या मोबदल्यासाठी संप केला, तेव्हा हेही घरी बसले होते.

२०२० हे वर्ष आमच्या कामावर संक्रांतीसारखं आलं होतं. जूनमध्ये पात्रिक पुआव्हे गेले, ब्रूस विलिसचा फ्रेंच आवाज. सप्टेंबरमध्ये रोजे कारेल. फ्रेंच मुलांच्या कित्येक पिढ्यांनी कार्टूनमधला ऍस्टेरिक्स ऐकला तो त्यांच्या गळ्यातून. आणि नुकतेच क्लोद जिरो, कोमेदी-फ्रांसेज या पॅरिसच्या सरकारी नाट्यसंस्थेचे नट, रॉबर्ट रेडफर्डचा आवाज. आमचे पाहुणे आले ते जिरोंबद्दल बोलतच आले. मास्क काढला, मध घातलेलं गरम पाणी प्यायले आणि कठड्याला टेकून उभे राहिले.

इथे फ्रेंच पद्धत सांगायला हवी. नटाच्या हातात कागद नसतो. पडद्यावर चित्राच्या खाली एक पट्टी उजवीकडून डावीकडे सरकत असते, तिला ‘बांद रिथ्मो’ म्हणतात. शब्द लांबवायचा तिथे अक्षरं ताणून लिहिलेली, घाईने म्हणायचा तिथे दाटीवाटीने. डावीकडे एक उभी रेघ. शब्द रेघेला टेकला की बोलायचं. पूर्वी ही पट्टी ३५ मिलिमीटरच्या पारदर्शक फितीवर शाईने हाताने लिहीत, आणि ती चित्रापेक्षा आठपट हळू सरकायची. आता सगळं संगणकावर आलं, पण पद्धत तीच.

पट्टी लिहिण्याआधी मूळ नटाचे ओठ वाचावे लागतात. कुठे मिटले, कुठे उघडले, पाठ कुठे फिरवली, श्वास कुठे घेतला, प्रत्येकाची वेगळी खूण. या सिनेमाचं ते काम मीच केलं होतं. ओठ मिटणारी अक्षरं मला कुणी शिकवावी लागली नाहीत. प फ ब भ म अशी ती शाळेतच एका ओळीत हाती आली होती. आपल्या वर्णमालेचा एवढा रोकडा उपयोग होईल असं मला पुण्यात कधी वाटलं नव्हतं.

पहिला तुकडा सुरू झाला. एक तुकडा जेमतेम मिनिटभराचा. ते अर्ध्या क्षणाने मागे पडले. पुन्हा घेतला, या वेळी आधीच बोलले. तिसऱ्यांदा शब्दच चुकला. दिग्दर्शिका काही बोलली नाही, पण तिचं पेन टेबलावर टकटक करू लागलं. आमच्याकडे मोबदला ओळींच्या हिशेबाने ठरतो आणि दिवसाला किती ओळी उरकायच्या तेही ठरलेलं असतं.

मी काचेतून त्यांच्याकडे पाहत होते. आवाज ठणठणीत होता. डोळे मात्र पट्टीवर नव्हते. मान किंचित वळवून ते पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहत होते. आणि मला साताऱ्याची आजी आठवली. शेवटची काही वर्षं ती समोरच्या माणसाच्या कानाकडे बघून बोलायची, कारण सरळ पाहिलं की तिला चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट ठिपका दिसायचा.

कॉफीच्या सुट्टीत मी पॅसेजमध्ये गेले. स्टुडिओत झाडून सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. त्यांच्याशी बोलताना माझी जीभ कायम ‘तुम्ही’वरच अडायची.

“तुम्हाला पट्टी दिसत नाहीये ना?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जुलैपासून. कडेकडेचं दिसतं. मधलं गेलं.” थोडं थांबून म्हणाले, “आजचा दिवस होऊ दे. तिला मी स्वतः सांगेन.”

मी आत जाऊन दिग्दर्शिकेला एवढंच म्हटलं, की आज मी प्रत्येक तुकडा आधी त्यांच्या कानात वाचून दाखवते, त्यांना तसं बरं पडतंय. तिने खांदे उडवले.

वाचायला लागले. दोनदा ऐकलं की त्यांना पाठ. ज्याने रासिनच्या बारा-बारा अक्षरांच्या शेकडो ओळी डोक्यात बाळगून प्रयोग केले, त्याला मिनिटभराचे संवाद ते काय! अडचण वेगळीच होती. सुरुवात कधी करायची? मी एक, दोन, तीन मोजून पाहिलं. वेळ जमली, पण संवाद कवायतीसारखे यायला लागले.

त्यांनी हात वर केला. “मोजू नकोस, पोरी. श्वास घे. आमच्या नाटकात सूफ्लर असायचा.”

सूफ्लर म्हणजे प्रॉम्प्टर. शब्दाच्या पोटात ‘सूफ्ल’ आहे, श्वास, फुंकर. भरत नाट्य मंदिरात, पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी, मी विंगेत वही घेऊन उभी असायचे. नट अडला की शब्द सांगण्याआधी माझ्याही नकळत मी श्वास आत ओढायचे आणि पुष्कळदा तेवढ्यानेच नटाला वाक्य सापडायचं. ते मी साफ विसरून गेले होते.

टॉकबॅकचं, म्हणजे काचेपलीकडे बोलायचं बटण दाबलं. मूळ नट ज्या जागी श्वास घेतो तिथे, नेमका तेवढाच लांब, मीही घेतला. त्यांच्या एका कानाला हेडफोन घट्ट बसवलेला होता, त्यामुळे माझा श्वास रेकॉर्डिंगमध्ये उतरत नव्हता. पुढचा शब्द ओठांवर चपखल बसला. म ला म, प ला प. दिग्दर्शिकेचं पेन थांबलं.

दुपारभर आम्ही असंच काम केलं. संध्याकाळपर्यंत माझ्या छातीत दुखायला लागलं. दुसऱ्याच्या फुप्फुसाने दिवसभर श्वास घेणं सोपं नाही. चिडल्यावर तो अमेरिकन नट श्वास नाकाने घेतो आणि खोटं बोलताना तोंडाने, हे ओठ वाचताना मी टिपलंच होतं, पण अंगाने मला ते त्या दिवशी कळलं. काचेपलीकडच्या माणसाने त्याची फक्त वाक्यं म्हटली नव्हती, तीस वर्षं तो त्याचा श्वास घेत आला होता.

शेवटचा तुकडा हॉस्पिटलातला. मुलगी उशाशी बसलेली. बाप तिला दोन वाक्यं बोलतो, तिसऱ्यासाठी श्वास घेतो आणि बोलतच नाही. पट्टीवर तिथे माझी श्वासाची खूण होती, पुढे कोरी जागा. मी श्वास घेतला. त्यांनीही घेतला, धरून ठेवला, आणि मग अगदी हळू सोडला.

“ओळ विसरले का?” दिग्दर्शिकेने विचारलं.

“नाही. तिथे ओळच नाहीये,” मी म्हटलं.

तिने तो पुन्हा ऐकला. दुसरा टेक मागितला नाही.

नंतर ते सही करायला आत आले. मी कागदावर फूटपट्टी आडवी धरली, कडेवरून पेन सरकेल अशी, आणि त्यांचं बोट सुरुवातीच्या जागी टेकवलं. दिग्दर्शिका ते पाहत होती. ते तिच्याकडे वळून काही बोलणार, एवढ्यात तिने वेळापत्रक पुढे ओढलं आणि त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचत लिहिलं: “गुरुवार, सकाळी १०. याच इंजिनिअरबरोबर. वेळ दुप्पट.”