फूल, दोन पाने आणि पडवीतला सिंह

पावसाळ्यानंतर फोंड्याच्या आमच्या जुन्या घराची पडवी रंगवायला काढली, तेव्हा चुन्याच्या चार-पाच थरांखालून कावेने काढलेली एक झुपकेदार शेपटी वर आली. उरलेले जनावर खरवडले जाण्याआधीच मी ते ओळखले. सिंह म्हणजे भाऊसाहेब बांदोडकरांच्या, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे चिन्ह. डिसेंबर १९६३ मध्ये मुक्त गोव्याची पहिली निवडणूक झाली, तेव्हा आमच्या घरात सिंहाविषयी जेवढी आपुलकी होती, तेवढीच विलीनीकरणाच्या विरोधातल्या युनायटेड गोवन्स पक्षाच्या हात या चिन्हाविषयी अढी होती.

राजकीय चित्र माणसाचे मत घडवते, असे आपण सहज म्हणून जातो. मला मात्र वाटते की पाहणाऱ्यापाशी आधीच जे साठलेले असते, त्याला चित्र फक्त आकार देते. जुन्या गोव्यातली व्हाइसरॉयची कमान पाहा. नदीच्या बाजूला वास्को द गामा उभा आहे आणि शहराच्या बाजूला हातात तलवार घेतलेली एक स्त्री, जिच्या पायांखाली एक माणूस पडलेला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या त्या कमानीने दरारा पुष्कळ निर्माण केला असेल. पण पायांखालच्या त्या माणसाकडे पाहून कोणा गोमंतकीयाचे मन पोर्तुगिजांकडे वळले असेल, असे काही मला वाटत नाही.

याउलट १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे वाटणाऱ्यांसाठी फूल, केंद्रशासित राहावा म्हणणाऱ्यांसाठी दोन पाने. मुळात ‘कौल’ हा शब्दच देवळातला. देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावायच्या आणि उजवी आधी पडते की डावी, याकडे श्वास रोखून पाहायचे, हे ज्यांनी लहानपणापासून अनुभवले आहे, त्यांना कौल म्हटल्यावर फूलच आठवणार. माझी आजी तर शेवटपर्यंत म्हणायची, “फूल देवाच्या माथ्यावरचे, त्याला नाही कसे म्हणायचे?” त्यावर शेजारच्या काकी शांतपणे उत्तर द्यायच्या, “आणि विडा मांडताना पाने किती लागतात गो?” दोघींची देवपूजा एकच होती, दोघींच्या चित्रांना तिचाच आधार होता आणि मते मात्र दोन. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१.

याहून विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. कौलानंतर काही आठवड्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या मतदारांनी फूल नाकारले होते, त्यांनीच सिंहाला पुन्हा सत्तेवर बसवले. म्हणजे पानांवर शिक्का मारणाऱ्यांपैकी कित्येकांनी सिंहावरही मारला असणार. चित्रांनी भुलणारा मतदार इतक्या बारकाईने निवड करत नाही. भाऊसाहेब हवेत, विलीनीकरण नको, हा हिशोब त्याच्या मनात आधीच पक्का होता. चिन्हांनी तो निरक्षर हातालाही कागदावर नोंदवता येईल, एवढी सोय केली. आजीला हे कधी पटले नाही. तिच्या मते लोक पानांना भुलले. हरलेल्या बाजूला चित्राचे सामर्थ्य नेहमीच अधिक दिसते. सिंह जिंकला तेव्हा लोक चित्राला भुलले, असे आमच्या घरात कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

रंगाऱ्याने त्या शेपटीकडे पाहिले, बोटाने चुना उडवला आणि मला धीर दिला, “काळजी करू नका भाई, यावर दोन हात दिले की सिंह दिसणारसुद्धा नाही.” आजी असती, तर त्याला चहा मिळाला नसता.