आमची वाटचाल : आधी पाणी, मग पोलादाचं नाव

आमच्या सुऱ्यांच्या पात्यावर पोलादाचं नाव कोरायला आम्ही फार उशिरा सुरुवात केली. त्याआधी आमच्या पात्याच्या बुडाशी दोनच आकडे असायचे: रॉकवेल सी या मापावर आलेला कडकपणा आणि धारेच्या लगेच मागची जाडी. ज्यांना धंदा कळतो त्यांना एवढं पुरायचं. ज्यांना नाव हवं होतं ते दुसरीकडे गेले, आणि मध्ये काही काळ असा आला की सगळेच दुसरीकडे चाललेत असं वाटावं. त्याबद्दल आजवर गप्प राहिलो. आता लिहितो.

सुरुवात दोघांची. ग्राइंडरवर मी, भट्टीवर मामा. ते माझ्या नात्यातले नव्हेत, पण कारखान्यात सगळे मामाच म्हणायचे. उभी हयात त्यांनी टूलरूममध्ये डी२ या हत्यारांच्या पोलादाच्या डाय आणि पंच हार्डन करण्यात, म्हणजे तापवून, थंड करून कडक करण्यात घालवलेली. निवृत्तीनंतर माझ्याबरोबर भागीदारीत आले ते एकाच अटीवर: भट्टीच्या तापमानात कोणी हात घालायचा नाही. मीसुद्धा नाही.

भट्टी लहान होती, पण तिचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा भाग, बिघडायची वाट न पाहता मामा वेळेवर बदलायचे. बाजूला ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्या. स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात गुंडाळलेलं पातं रसरशीत बाहेर निघालं की लगेच या दोन पाट्यांमध्ये दाबायचं. वेगानं थंड होतं आणि वाकतही नाही. मग द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. पोलादाचा काही भाग ऑस्टेनाइट या मऊ रूपात राहून गेलेला असतो, तो तिथे मार्टेन्साइट या कडक रूपात बदलतो. मग दोनदा टेंपर, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा हलकं तापवणं. या सगळ्याला मिळून आम्ही पाणी देणं म्हणतो. शेवटी रॉकवेलचं यंत्र: १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू, १५० किलोचा भार. यंत्र जुनं विकत घेतलं, पण त्याच्यासोबतचा प्रमाणित ठोकळा नवा घेतला, आणि रोज सकाळी पहिला ठसा त्या ठोकळ्यावरच. या यंत्रावर पैसे घालवले म्हणून तेव्हा नावं ठेवणारे होते. याच यंत्रानं पुढे आमची अब्रू राखली.

काम वाढत गेलं, माणसं वाढली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

मग भुकटीच्या पोलादाची लाट आली. वितळलेल्या धातूवर वायूचा झोत मारून त्याची भुकटी करायची, थेंब जिथल्या तिथे गोठतात, त्यामुळे आतली कार्बाइडं, म्हणजे कार्बन आणि धातूचे कठीण कण, बारीक राहतात. मग ती भुकटी उष्णतेत आणि दाबाखाली एकजीव करायची. हत्यारांच्या पोलादात ही पद्धत १९७० च्या सुमारास आली. २००१ मध्ये खास सुऱ्यांसाठी बनवलेलं एस३०व्ही आलं आणि त्यानंतर गिऱ्हाइकांच्या तोंडी नावांची रांगच लागली: एस९०व्ही, एल्मॅक्स, एम३९०. पोलादं खरोखर उत्तम आहेत, मी त्यांच्या विरुद्ध कधीच नव्हतो. पण गिऱ्हाईक येऊन पात्याचा कोन विचारेना, जाडी विचारेना, फक्त नाव विचारू लागलं.

एका मोठ्या विक्रेत्यानं आमच्याकडे एम३९० ची मोठी ऑर्डर टाकली. आमच्या भट्टीत एवढा माल वेळेत निघणं शक्य नव्हतं, म्हणून हार्डनिंगसाठी बाहेर, मोठी व्हॅक्यूम भट्टी असलेल्या एका ठिकाणी पाठवला. माल आला, सोबत प्रमाणपत्र आलं: ६१. मामांनी पहिलं पातं यंत्रावर ठेवलं, ५७. दुसरं, पुन्हा ५७. ठोकळ्यावर ठसा घेऊन पाहिला, यंत्र चोख. मामा तिथल्या तिथे म्हणाले, "हा माल दुसऱ्या कोणाच्या डी२ बरोबर भट्टीत गेलाय." डी२ ला हजाराच्या थोडं वर तापमान पुरतं, एम३९० ला ११०० च्या वर न्यावं लागतं, नाहीतर कार्बन आणि क्रोमियम कार्बाइडांतच अडकून राहतात. पातं मऊ राहतं आणि गंजाला दाद देणंही कमी होतं. म्हणजे महाग पोलादाचे दोन्ही फायदे गेले. भट्टीवाल्यांनी प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं आणि हात वर केले.

आम्ही विक्रेत्याला खरं सांगितलं. त्याचं उत्तर मला अजून टोचतं: "नाव एम३९० च आहे ना? मग कोरा आणि पाठवा. कोण तपासतंय?" मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाती उचलून परत रॅकवर नेऊन ठेवली. सगळा माल ॲनील करून, म्हणजे मऊ करून, पुन्हा हार्डन करून आणला, त्यात काही पाती वाकली, तारीख टळली, ऑर्डर रद्द झाली आणि उचल परत मागितली गेली. ती ऑर्डर ज्याच्याकडे गेली त्यानं त्या मोसमात "सुपर स्टील" अशी मोठी अक्षरं छापून बाजार भरून टाकला. त्याचीच पाती दोन-तीन गिऱ्हाइकांनी आमच्याकडे धारेला आणली. यंत्रावर ५७, ५८. धारेमागची जाडी पाऊण मिलिमीटर. अशा पात्यात जगातलं कोणतंही पोलाद घाला, ते कापणार नाही, पाचरीसारखं फाडणार. आणि मासिकांत कौतुक त्याचं झालं.

तेव्हा कारखाना बंद पडायचा तो पडला नाही याचं मोठं कारण एक बाई आहेत. चामड्याच्या पिशव्या करतात, मी त्यांना ताई म्हणतो. आमच्या पहिल्या रापी त्यांच्यासाठीच केल्या होत्या, ५२१०० मध्ये. बेअरिंगचं साधं पोलाद, एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम, बारीक कणांचं. त्या अडचणीच्या महिन्यांत ताईंनी स्वतःच्या आणि ओळखीच्या कारागिरांच्या रापींचे पैसे आगाऊ आणून दिले आणि म्हणाल्या, "दादा, सावकाश करा, पण तुमच्याच भट्टीतून काढा."

महाग पोलाद परवडतं की नाही, याचं मला सापडलेलं सगळ्यात नेमकं उत्तरही ताईंच्याच टेबलावर मिळालं. त्यांनी हट्ट धरला म्हणून एक रापी एस९०व्ही मध्ये करून दिली. त्यात नऊ टक्के व्हॅनेडियम. कडा झिजायला ती फारच चिवट, पण चामडं तासायला धार अतिशय निमुळती लागते, आणि त्या कोनाला बारीक टवके उडू लागले. ताईंना कामाच्या मध्ये चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारून धार जिवंत ठेवायची सवय. ही रापी पट्ट्याला लवकर दाद देईना. निसण्यावर तर तास गेला. कारण उघड आहे: नेहमीचा निसणा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, आणि व्हॅनेडियम कार्बाइड त्याहून कठीण. हिऱ्याची पट्टी नसेल तर तुम्ही कार्बाइडांच्या भोवतीचं पोलादच घासत बसता. ताईंनी रापी परत आणली आणि ५२१०० चीच मागितली.

तेच एस९०व्ही आम्ही पुठ्ठा आणि रबर कापणाऱ्या एका पॅकिंगवाल्यांना दिलं, तर त्यांनी पुन्हा दुसरं काही मागितलंच नाही. पुठ्ठ्यात धार घासून जाते, मोडत किंवा वळत नाही. कॅट्रा या सुऱ्या-कात्र्या तपासणाऱ्या संस्थेची धार टिकण्याची चाचणीदेखील सिलिका घातलेल्या कार्डावरच घेतात. दिवसभर असलं काम असेल, धार लावायला थांबणं महागात पडत असेल आणि हिऱ्याच्या पट्ट्या हाताशी असतील, तर कित्येक पट पैसे मोजून घेतलेलं पातं ते पैसे फेडतं. घरच्या आणि रोजच्या वापराला १४सी२८एन किंवा एईबी-एल ही साधी स्टेनलेस पोलादं, नीट पाणी दिलेलं आणि पातळ घासलेलं, यापुढे जायची गरज मला दिसत नाही. एईबी-एल तर मुळात दाढीच्या पात्यांचं पोलाद. जाहिरातीत ते कोणी मोठ्यानं सांगत नाही, कारण स्वस्त आहे.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. पातं घेताना आधी पाठीकडून धारेकडे पाहा; धारेच्या मागे जाडपणा दिसला तर नाव वाचूच नका. एका बाजूला २५ अंशांची धार १५ वर आणली तर जो फरक पडतो तो पोलाद बदलून क्वचितच पडतो. विकणाऱ्याला कडकपणा विचारा आणि तो कोणी, कशावर मोजला तेही विचारा. खेचून धार लावायच्या त्या छोट्या चाकांच्या डब्या चांगल्या पात्याला लावू नका, त्या धार ओरबाडतात. आणि कोरड्या, वेगानं फिरणाऱ्या चाकावर पातं देऊ नका. साध्या कार्बन पोलादाचं टेंपर दोनशे अंशांच्या आसपासचं. कड निळी दिसली म्हणजे ती तीनशेला जाऊन आली, तिथलं पाणी उतरलं. बारीक कडेची उष्णता तर निळा रंग दिसायच्या आतच काम करून गेलेली असते. आमच्याकडे ग्राइंडरचा पट्टा गुळगुळीत झाला की फेकतात. जुना पट्टा कापत नाही, नुसता तापवतो. नव्या मुलांना हे पटायला वेळ लागतो.

मामा आता नाहीत. भट्टीवर त्यांची मुलगी आहे, आणि तापमानाची अट तिनंही तशीच ठेवली आहे. नव्या पोलादांबद्दल ती माझ्यापेक्षा मोकळी. २०२१ मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञानं आणलेलं मॅग्नाकट तिनंच आणायला लावलं. हार्डन झाल्यावर त्यात क्रोमियम कार्बाइड उरत नाही. फक्त व्हॅनेडियम आणि नायोबियमची बारीक कार्बाइडं. म्हणून क्रोमियम अकरा टक्क्यांच्याही आत असूनही ते गंजाला उत्तम उभं राहतं, आणि स्टेनलेस असून त्याचा न मोडण्याचा चिवटपणा चकित करतो. पाण्यात, खाऱ्या हवेत काम करणाऱ्यांसाठी या एका नावाचे जादा पैसे द्यावेत असं मी मनापासून सांगतो. पण तिथेही पाणी कोणी दिलं ते विचाराच.

त्याची नवी तुकडी सध्या टेंपरला आहे. ६२ ते ६३ च्या मध्ये आली तर कोरणीला जाईल. नाही आली तर बाहेर जाणार नाही, मग ऑर्डर कोणाचीही असो.