मंदाकिनी फाळके : सात वर्षांचा कृष्ण

'कालिया मर्दन' (१९१९) हा मूकपट पाहायला बसाल तर सुरुवातीची काही मिनिटं मुळीच सोडू नका. कथा सुरू होण्याआधी दादासाहेब फाळके आपल्या सात वर्षांच्या मुलीला, मंदाकिनीला, कॅमेऱ्यासमोर आणतात आणि ती नुसत्या चेहऱ्याने एकामागून एक भाव दाखवते. आवाज नाही, संवाद नाही. सगळी भिस्त डोळे, भुवया आणि ओठांवर. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचा मुकुट उमटतो.

एका दृश्याचं दुसऱ्यात हे विरघळणं त्या काळी कॅमेऱ्यातच करत. भिंगाची झडप हळूहळू मिटायची, हँडलचे फेरे मोजून फिल्म तेवढीच मागे घ्यायची आणि दुसरं दृश्य झडप उघडत त्यावरच टिपायचं. मधल्या वेळात पोशाख बदलूनही डोकं नेमकं त्याच जागी हवं. बोटभर सरकलं तरी दोन चेहरे दिसतात. एवढ्याशा पोरीकडून हे करून घेणं सोपं नव्हे!

एक अडचण मात्र नेहमी येते. मूकपट साधारण सेकंदाला १६ चौकटींनी (फ्रेम्सनी) टिपत. २४ने चालवले की सगळं दीडपट वेगाने पळतं आणि तिचे भाव माकडचेष्टा वाटतात. व्हिडिओचा वेग ०.७५वर, म्हणजे १८ चौकटींच्या आसपास, आणून पाहा. गालावरचं हसू कसं सावकाश पसरतं, ते तेव्हाच कळतं.